भिंतीचं पोट

वारा फिरला तेव्हा नेस्टाचे पाय माझ्या मांडीवर होते आणि ती मला शिव्या देत होती. त्याचं मला काही नाही. कळा देताना सुनेनं सासूला शिव्या द्यायच्या नाहीत तर मग कधी द्यायच्या? पण मध्येच ती गप्प झाली आणि दाराकडे बघत म्हणाली, "आई, झावळी आत का येतेय?"

दारावर पडद्यासारखी टांगलेली झावळी सकाळपासून बाहेर फडफडत होती. आता ती आत आली होती आणि बाळंतपण करणाऱ्या म्हातारीच्या, बोसेच्या, तोंडावर आपटत होती. मी उठून बाहेर गेले. वारा समुद्राकडून येत होता आणि सरळ डोंगराकडे जात होता.

रक्ताचा वास डोंगरावरच्या जनावरांना फार लांबून लागतो. म्हणून डोंगराकडून वारा वाहतो त्या महिन्यांतच बाळंतपणं व्हावीत, असं आमच्या म्हाताऱ्या सांगतात. जशी काही पोरं विचारून येतात! नेस्टाची वेळ अगदी बरोबर होती, वाराही बरोबर होता, आणि दुपारी कुणाला न विचारता तो उलटा झाला.

रेडिओ चालत होता तोवर त्यांना ड्रॅगन म्हणायचे. आम्ही नाव घेत नाही. जनावर म्हणतो. पहिल्या वर्षी त्यांनी होनियारा जाळलं, मग बंदरं, मग मोठ्या बेटावरची गावं आणि डोंगरातले मळे. माझा नवरा बाजाराच्या दिवशी किनाऱ्यावर मासे देऊन रताळी घेत होता, तो तिथंच गेला. उरलो ते आम्ही, खाडीतल्या दगडी बेटांवरचे लोक. आमचं बेट देवानं दिलेलं नाही. आमच्या आजे-पणजांनी पाण्यात बुड्या मारून एकेक दगड वर आणला, होडीतून वाहिला आणि ढीग रचून त्यावर घरं बांधली. दगड जळत नाही, आणि भोवती पाणी.

बेटाच्या एका टोकाला बिसी आहे. ही बायकांची जागा. पाळीला इथं बसायचं, बाळंतपण इथं करायचं. मध्ये छातीपर्यंत उंच भिंत. पुरुषानं अलीकडे पाऊल टाकायचं नाही, आणि आतल्या बाईनं तिचे दिवस संपेपर्यंत पलीकडे जायचं नाही. मी लहान होते तेव्हा यातलं काही राहिलं नव्हतं. आम्ही चर्चमध्ये गाणी म्हणायचो आणि बाळंतपणाला मोटारबोटीनं दवाखान्यात जायचो. चर्च जळलं, दवाखाना जळला, बिसीची भिंत तेवढी राहिली. म्हातारे म्हणाले, बघा, जुनं ते टिकलं. मग जुने सगळे नियम परत आले. मला ते पटत नाहीत आणि मी ते पाळते. दोन्ही खरं आहे.

तेवढ्यात शंख वाजला. नारळावर बसलेला पहारेकरी लांब फुंकत होता. डोंगरावरून जनावर उठलं होतं.

मी भिंतीशी धावले. पलीकडे सगळे पुरुष जमलेच होते. पुढं माझे थोरले दीर तोआता. हाडं तेवढी उरलेला माणूस, पण खांद्यावर पतंग असा धरला होता की कुणी हात लावला तर चावतील. त्यांच्या मागं माझा मुलगा सायलस, नेस्टाचा नवरा. आणि बाजूला आमचा पुजारी अलासिआ, जो शाळेत माझ्या वर्गात होता आणि गणितात माझी वही बघून लिहायचा.

"डोकं दिसलंय का?" तोआतांनी विचारलं.

"दिसतंय, पण अडलंय. तिला हलवता येणार नाही भाऊजी. होडीत घातलं तर दोघंही जातील."

"आई, मी येतो आत," सायलस म्हणाला आणि त्यानं भिंतीवर हात टेकला. मागच्या दोघांनी त्याला कमरेला धरून खाली ओढला.

"तू येऊन काय करणार? तिच्या हातात हात घेऊन रडणार?" मी ओरडले. मला तो यायला हवा होता. पण तो आला असता तर पुरुषांनी पतंग खाली टाकला असता, हे मला माहीत होतं.

पतंगाशिवाय आमच्याकडे दुसरं काही नव्हतं. आमच्या खाडीत टोळ मासा पतंगानं धरतात. पानांचा पतंग उडवायचा आणि त्याला खाली, झाडांवर कोळी किडा विणतो त्या जाळ्याचा गुंडा लोंबता सोडायचा. गळ नाही, काटा नाही. टोळाचे दात बारीक, जाळ्यात गुंतले की सुटत नाहीत. तोआतांनी तीच विद्या जनावराला लावली. जनावराला आपल्या आभाळात दुसरं जनावर खपत नाही. त्याच्या घडणीचा पतंग दिसला की ते हातचं सगळं सोडून त्याच्यावर तोंड टाकतं. दातांत जाळं बसलं की जबडा उघडत नाही आणि आग आतच राहते. मग ते वेडं होऊन तोंड धुवायला पाण्यात घुसतं. पंख भिजले की उठता येत नाही, आणि भाले घेतलेले आमचे लोक होड्यांतून त्याच्यावर पडतात.

पण पाणी खोल हवं. उथळ पाण्यात ते आरामात उभं राहून पंजानं तोंड साफ करतं. शेजारच्या बेटावर तसंच झालं. तिथं आता पक्षीसुद्धा बसत नाहीत.

आमच्या भोवती ओहोटीला गुडघाभर पाणी असतं. खोल जागा एकच, बिसीच्या टोकाला लागून असलेला डोह. डोहाच्या पलीकडे खारफुटी आणि तिच्यामागं डोंगर. पतंग वाऱ्याबरोबर जातो. त्या दिवशीच्या वाऱ्यात पतंग डोहावर टांगायचा तर उभं राहायला एकच जागा होती, बिसीचं टोक. भिंतीपलीकडून सोडला असता तर दोरी आमच्या नारळांत अडकली असती. होडीतून सोडावा तर ओहोटीमुळं त्या बाजूला दगड उघडे पडले होते.

हे सगळ्यांना कळत होतं. म्हणून तर सगळे भिंतीपाशी येऊन थांबले होते.

"अलासिआ," मी म्हटलं, "तोंडातून शब्द काढ. तोआता भाऊजी आत येऊ दे. नंतर काय डुकरं कापायची ती काप, काय शुद्ध करायचं ते कर."

"बाईच्या जागेत आलेल्या माणसाच्या हातात पतंग चालत नाही, एथेल. जाळं चिकटणार नाही. आणि जाळं एकच उरलंय."

"कोळ्याला काय ठाऊक कोण कुठं उभं आहे!"

"कोळ्याला नसेल. पूर्वजांना आहे."

मी भिंतीवरचा एक दगड उचलला. खरं सांगायचं तर त्याच्या डोक्यात घालायलाच उचलला होता. मागं नेस्टा किंचाळली. खारफुटीच्या वर जनावर दिसायला लागलं होतं. ते सरळ येत नव्हतं. वास कुठून येतोय ते शोधत इकडून तिकडे झोके घेत होतं, आणि मध्येच खाली वाकून झाडांवर आग ओतत होतं.

तोआता माझ्या हातातल्या दगडाकडे बघत होते.

"एथेल, तो दगड तू कुठून काढलास?"

"भिंतीवरून काढला, भाऊजी. आता तुम्ही पण मला शिकवा."

"भिंत आता तिथं एवढी कमी झाली." ते अलासिआकडे वळले. "बायकांची जागा म्हणजे कुठली?"

"भिंतीच्या आतली," अलासिआ म्हणाला.

"आणि भिंत कुणी घातली?"

"तुम्ही. तुम्ही आणि तुमच्या भावानं. नियम परत आले तेव्हा, जुनी खचली होती म्हणून."

"तेव्हा आम्ही ती चार हात सरकवली होती. बायका वाढल्या होत्या म्हणून. तेव्हा पूर्वज काही बोलले नाहीत." तोआतांनी पतंग सायलसच्या हातात दिला. "आज परत सरकवू. काठाकाठानं टोकापर्यंत एक वाट आपल्या बाजूला घेऊ. टोक पण आपल्या बाजूला. मी माझ्याच जागेत उभा राहीन."

अलासिआ विचारात पडला. गणितातसुद्धा तो असाच विचारात पडायचा आणि तास संपायचा.

"अरे बोल की मेल्या!"

"चालेल," तो म्हणाला. "पण आधी बायकांनी आतून दगड लावायचे. जेवढी भिंत उभी राहील तेवढीच बाहेरची जमीन आपली. मग आपण पुढं जायचं. आणि बायकांचा हात लागलेला दगड पुरुषानं उचलायचा नाही."

आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा पाहिला, पण मागून आग येत असताना हे असं काम आम्ही सोडून कोणी करेल असं मला वाटत नाही. आत आम्ही तिघी, मी आणि पाळीला बसलेल्या दोन पोरी. बोसे नेस्टापाशी. तिला ऐकू येत नाही, त्यामुळं ती एकटीच शांत होती. आम्ही अंगणातले बसायचे दगड, चुलीचे दगड, कपडे धुवायचा दगड, हाताला लागेल ते काठापासून थोडं आत ओळीनं मांडायला लागलो. हातभर ओळ झाली की अलासिआ पलीकडच्या जमिनीवर समुद्राचं पाणी शिंपडायचा आणि पूर्वजांची नावं घ्यायचा. मग पुरुष कोपऱ्यातून तेवढेच पुढं सरकायचे आणि आमच्या दगडांना बाहेरून आपले दगड लावायचे. आम्ही परत हातभर पुढं.

"अलासिआ, नावं थोडक्यात घे!"

"एकाला गाळलं तर रागावतील."

"त्यांना सांग मी घाईत आहे. माझा आजा पण आहे त्यांच्यात, तो समजून घेईल."

सायलस भूत लागल्यासारखा दगड वाहत होता. त्याच्या बोटांतून रक्त येत होतं आणि त्याला ते कळत नव्हतं. भिंतीच्या या बाजूनं मी, त्या बाजूनं तो, मध्ये दगडांची ओळ. आमची डोकी एकमेकांना लागत होती.

"आई, ती ओरडायची थांबली. का थांबली?"

"दम घेतेय. ओरडणं सोपं असतं का?"

"खरं सांग."

"खरंच सांगते. दगड दे... नको, देऊ नकोस. लाव तिथं."

मला खरं माहीत नव्हतं. आत जाऊन बघायला पाय धजत नव्हते. नेस्टा डोंगरातली पोर. मळे जळाले तेव्हा एकटी खाली पळत आली, पोहता येत नव्हतं, केळीच्या खुंटाला धरून आमच्या बेटाला लागली. सायलसनं तिला बाहेर काढलं आणि मग काय, ठेवूनच घेतलं. मी पुष्कळ कुरकुर केली. हिला मासा साफ करता येत नाही, ही पाण्याकडे बघते आणि थरथरते. पण पहिल्या रात्री ती माझ्या पायाशी झोपली आणि झोपेत तिनं माझा अंगठा धरून ठेवला. तो मी सकाळपर्यंत सोडवून घेतला नाही. माझा जीव तिच्यात अडकलाय, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

भक्कन आवाज झाला. जनावरानं खारफुटीचा शेवटचा पट्टा पेटवला होता आणि आता ते डोहापलीकडून आमच्याकडे बघत होतं. त्याला बिसी सापडली होती.

"बास!" तोआता ओरडले. भिंत टोकाच्या मागून वळवून जेमतेम मांडीपर्यंत आली होती. "एवढी पुरे. भिंत ती भिंत. अलासिआ, पाणी टाक."

अलासिआनं उरलेलं सगळं पाणी एकदम ओतलं आणि मला वाटतं, उरलेले सगळे पूर्वजही एका दमात घेतले. तोआता वाटेनं टोकावर गेले. त्यांनी बाकीच्यांना मागं हाकललं. "होड्या पाण्यात घाला! इथं गर्दी करून काय माझं लग्न बघताय?"

सायलसनं पतंग वर धरला, तोआतांनी दोरी ताणली आणि झटका दिला. पतंग उठला. वाऱ्याला शिव्या देत होते सगळे, पण पतंगाला तो वारा छान मानवला. पानांचे दोन पंख, लांब शेपूट, आणि खाली लोंबणारा जाळ्याचा गुंडा, उन्हात चमकणारा. तोआता ढील देत गेले. पतंग डोहाच्या मध्यावर जाऊन उभा राहिला.

"तू जा आता," ते सायलसला म्हणाले. "होडीत तुझा हात लागेल."

"काका, तुम्ही एकटे..."

"मी सत्तर वर्षं एकटाच पतंग उडवतोय. दुसरा माणूस लागतो तो फक्त सल्ला द्यायला. जा."

सायलस पळाला. मी झोपडीच्या दारात उभी राहिले. एक डोळा आत, एक बाहेर. आत नेस्टा हातांवर टेकून गुडघ्यांवर आली होती आणि बोसे तिच्या कमरेला दाबत होती. बाहेर जनावर आभाळात थबकलं. त्याला पतंग दिसला होता.

इतक्या जवळून मी ते कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या पोटाखालची कातडी चुलीतल्या निखाऱ्यासारखी आत-बाहेर होत होती. त्यानं मान मागं घेतली आणि पतंगावर झेप टाकली. तोआतांनी मनगट वळवलं. पतंगानं गोता खाल्ला, जनावर वरून गेलं आणि जबडा हवेत मिटला. आवाज असा आला की माझे दात दुखले.

"हुकलं!" मी ओरडले.

"चिडू दे त्याला. चिडल्यावर तोंड मोठं उघडतं," तोआता न वळता म्हणाले.

ते वळून परत आलं. आणि त्याच क्षणी वारा पडला.

आमच्याकडे वारा फिरला की असा मध्येच श्वास धरतो. सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे विसरलो होतो. पतंगाची दोरी सैल पडली. पतंग डोलत खाली येऊ लागला, पाण्याकडे. जाळं भिजलं की संपलं. अशा वेळी पतंग वर ठेवायचा एकच उपाय असतो. दोरी ओढत मागं पळायचं.

तोआता मागं पळाले आणि त्यांच्या टाचा भिंतीला लागल्या. काठाची वाट अरुंद, तिच्यावर उलटं पळता येत नव्हतं.

मांडीइतकी भिंत. दहा वर्षांच्या पोरानं उडी मारली असती. पलीकडे माझं अंगण, पळायला भरपूर जागा.

"आत या भाऊजी!" मी ओरडले. "या! आता कोण बघतंय!"

"मी बघतोय," ते म्हणाले. "आत आलो आणि पोरीला काही झालं, तर मी काय सांगू? कुणी बघत नव्हतं म्हणून आत शिरलो, असं म्हणू?"

त्यांचा चेहरा पाहिला मी. ते हट्ट करत नव्हते. त्यांना खरंच भीती वाटत होती, आगीची नाही, आत पाय पडला तर नेस्टाचं मूल जाईल याची. मी चर्चमध्ये वाढलेली बाई, मला हे हसण्यासारखं वाटायला हवं होतं. मला हसू आलं नाही.

मग त्यांनी दोरी गुंडाळलेली लाकडी फिरकी भिंतीवरून माझ्याकडे फेकली.

"घे! दोरीला कुणी नियम केलेला नाही. ओढ आणि पळ!"

मी फिरकी छातीशी धरली आणि पळाले. चुलीवरून, भांड्यांवरून, नेस्टाच्या ओल्या कपड्यांवरून. दोरी तळहातात शिरत होती. मागं वळून बघायचं नव्हतं, बघितलं असतं तर पाय थांबले असते. जुन्या भिंतीपाशी पोचले तेव्हा हातात एकदम ओढ बसली. पतंग परत चढला होता.

"उजवीकडे!" तोआता ओरडत होते. "आता ढील! ढील दे गं, मासा समजून ओढू नकोस! आता थांब... थांब..."

मी वळले. जनावर पतंगावर येत होतं, तोंड उघडं, आत सगळं लाल. तोआता टोकावर हात पसरून उभे होते, पतंग अजून त्यांच्याच हातात असल्यासारखे.

"ओढ!"

मी ओढलं. पतंग त्याच्या तोंडात गेला.

पण आग आधी सुटली होती. जबडा मिटायच्या आत तिचा एक पट्टा डोहावरून सरकत टोकापर्यंत आला. तोआता खाली बसले, पाठ भिंतीला लावून. आग त्यांच्यावर आणि भिंतीवर आदळली आणि वर गेली. झोपडीच्या छपराची एक कड पेटली, ती दोन्ही पोरींनी ओल्या चटया मारून विझवली. मग दोरी माझ्या हातातून सुटली आणि डोहात भलं मोठं काहीतरी पडलं. पाणी उडून आमच्यावर आलं, कोमट पाणी.

पुढचं मी पाहिलं नाही. होड्यांचा आरडाओरडा ऐकला, भाले ऐकले, सायलसचा आवाज ऐकला. जनावराचा आवाज आला नाही, त्याचं तोंड बंद होतं. मी झोपडीत धावले तर बोसेच्या हातात काहीतरी निळसर होतं. ती त्याला उलटं धरून पाठीवर थोपटत होती, तिला ऐकू येत नाही, म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत होती, रडलं का ते कळावं म्हणून.

बाळ रडलं. मी मान डोलावली. बोसेनं त्याला नेस्टाच्या छातीवर ठेवलं.

"जिवंत आहे?" नेस्टानं विचारलं.

"तुझ्यासारखीच आहे. येताच भांडायला लागली."

मग मी बाहेर गेले.

तोआता भिंतीला टेकून बसले होते, माझ्याकडे पाठ. त्यांचे केस गेले होते. पुढून काय झालं होतं ते मला दिसत नव्हतं. श्वास ऐकू येत होता.

"भाऊजी."

"रडलं ते काय आहे?"

"मुलगी."

"म्हणजे तुमच्या बाजूची." ते हसले असावेत. "पाणी दे थोडं."

मी शहाळं घेतलं आणि भिंतीवर पाय ठेवला. मांडीइतकी तर भिंत. माझ्या अंगावर बाळंतपणाचं रक्त होतं, मला पलीकडे जायची मनाई होती, आणि मला त्या क्षणी त्या मनाईचं काडीइतकं वाटत नव्हतं.

"एथेल, येऊ नकोस."

"तुम्ही गप्प बसा."

"एवढे दगड मग कशाला वाहिले? पोरांनी बोटं फोडून घेतली." त्यांना धाप लागली. "मी माझ्या जागेत आहे. मला राहू दे."

मी पाय खाली घेतला. आजही कुणी विचारलं की का घेतलास, तर मला नीट सांगता येत नाही. मी गुडघ्यावर बसले, त्यांच्या मानेजवळ दोन दगडांमध्ये फट होती. चुलीजवळची फुंकणीची नळी आणली, फटीतून त्यांच्या ओठांपर्यंत नेली आणि शहाळ्याचं पाणी थोडं थोडं सोडलं. ते प्यायले. नंतर त्यांनी डोकं मागं दगडाला टेकलं. मी माझ्या बाजूनं त्याच दगडाला हात लावून बसले. दगड गरम होता. इतकी वर्षं आम्ही भिंतीच्या दोन बाजूंनी एकमेकांवर ओरडलो होतो आणि आता ओरडायला काही नव्हतं.

सायलस धावत आला तेव्हा ते गेले होते. तो त्यांच्याजवळ खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी अलीकडे रडले. तो मला धरू शकत नव्हता, मी त्याला धरू शकत नव्हते.

पुरुषांनी तोआतांना समुद्रात दिलं, जसं आमच्याकडे देतात. मग काही दिवसांनी अलासिआ चार जण घेऊन आला. त्यांना भिंत जुन्या जागी सरळ करायची होती. अर्धी बिसी गेली होती, बायकांना बसायला जागा पुरत नव्हती, हे खरंच होतं. तक्रारही सगळ्यात जास्त मीच केली होती.

"हात लावशील तर बघ," मी म्हटलं.

"पण तूच तर ओरडत होतीस."

"ओरडीन. ओरडायचं बंद करणार नाही. दगड हलवायचा नाही."

अलासिआ चौघांना घेऊन परत गेला. शाळेपासूनची त्याची एक गोष्ट बरी आहे, माझं उत्तर तो निमूटपणे उतरवून घेतो.

नंतर पुरुषांनी भिंत छातीइतकी वर नेली, पण वळण तसंच ठेवलं. टोकापाशी तिला आमच्या बाजूला पोट आलंय. त्या पोटात, बाहेरून, एका माणसाला पाठ टेकून बसता येईल एवढी जागा आहे. तिथं कुणी बसत नाही. आतून आम्हाला सतत अडचण होते. चटई नीट पसरता येत नाही, चूल कोपऱ्यात गेलीय, आणि प्रत्येक बाळंतपणाला मी त्या म्हाताऱ्याच्या नावानं बोटं मोडते.

कळा वाढल्या की बायका उभ्या राहून काहीतरी घट्ट धरायला शोधतात. मी त्यांना तिथं नेते. पाठ टेक, म्हणते, जोर लाव, मागं आहे कुणीतरी.